आजीची सराय

विष्णुपुरीत, काळेश्वराच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यालगत आमच्या शेजारी जे माळवदाचे घर आहे, त्यात गेल्या मंगळवारी पहाटे एक अमेरिकन पर्यटक येऊन उतरला. पर्यटकाचे वय वर्षे अकरा. आल्या आल्या त्याने दोन धपाटी दह्याशी संपविली आणि मग दारच्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवीत तो बराच वेळ उभा राहिला. ‘पर्यटक’ हा शब्द माझा नव्हे, सरकारी दप्तरातला आहे. त्याच्या मातापित्यांजवळ ‘ओसीआय’ नामक ती सुप्रसिद्ध आजन्म सनद आहे, जिच्यावर ‘नागरिक’ असे स्पष्ट छापलेले असते आणि जिच्या बळावर मत देता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही; म्हणजे मराठवाड्यात मनुष्य ज्या दोन गोष्टींसाठी जन्म घेतो, त्या दोन्ही वर्ज्य. चिरंजीवांची सनद मात्र ‘पुढच्या सुटीत पाहू’ या सबबीखाली राहून गेली, आणि त्यांना तीस दिवसांच्या ई-व्हिसावर आणणे भाग पडले.

या ई-व्हिसाची प्रयोजने नियमांत नमूद आहेत : मनोरंजन, स्थलदर्शन, आणि मित्र वा नातलगांची ‘सहज भेट’. अल्प मुदतीचा योगवर्गही त्याच यादीत बसविलेला आहे. माझे चित्त ‘सहज’ या शब्दावर अडले ते अडलेच. दोन विमाने बदलून, हा व्हिसा नांदेडच्या विमानतळावर चालत नाही म्हणून हैदराबादेस उतरून, तेथून देगलूरमार्गे रात्रभर मोटारीचे हादरे सोसत जे पोर आजीच्या उंबऱ्यावर येऊन पडले, ते सहज आले? आणि चार वर्षे ज्या आजीने कुरडयांचा एक डबा कोणास उघडू दिला नाही, तिनेही तो सहजच झाकून ठेवला असावा.

खरा प्रसंग ओढवला तो बुधवारी. आजीच्या पुतण्याने मोबाईलमध्ये डोके खुपसून असे जाहीर केले, की परकीय इसमास निवारा देणाऱ्याने चोवीस तासांच्या आत त्याच्या आगमनाची वर्दी जिल्ह्याच्या परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडे ठरावीक फॉर्म भरून दिली पाहिजे, आणि या कामी हॉटेल, धर्मशाळा व खाजगी घर यांत कायदा भेदभाव करीत नाही. 1946 चा परकीयांविषयीचा कायदा 2025 साली रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला, परंतु वर्दीचे कलम काही सुटले नाही. अशा रीतीने पंच्याऐंशी वर्षांची आमची शेजारीण एका रात्रीत सरायवाली झाली. पुतण्या एकेक रकाना वाचू लागला आणि आजी खाटेवरून जबानी देऊ लागली. ‘येण्याचा हेतू?’ ‘हेतू कशाचा आलाय? माझ्या लेकाचं लेकरू हाय.’ पर्यटन, असे लिहिले गेले. ‘भारतात नोकरीस आहे काय?’ येथे आजी विचारात पडली, कारण पर्यटकाने सकाळपासून गोठ्यातील दोन पाट्या शेण स्वहस्ते उकिरड्यावर नेऊन टाकले होते आणि मोबदल्यात तिसरे धपाटे उकळले होते. आता पर्यटन-व्हिसावर आलेल्या इसमाने चाकरी पत्करणे हा नियमभंग. धपाटे ही मजुरी की आतिथ्य, ते लोण्यासह दिल्यास बक्षिशीत मोडते काय, आणि म्हैस ही मालक समजावी की आस्थापना, या प्रश्नांवर आमच्या ओट्यावर एक घटका खल झाला. शेवटी एका निवृत्त अव्वल कारकुनाने आपला चष्मा पुसून निकाल दिला : ‘नाही असं लिहा, आणि पोराला शेणाला हात लावू देऊ नका.’ पोर रडले. परकीय इसम रडल्यास त्याची वर्दी कोणाकडे द्यावी, याचा रकाना मात्र पुतण्यास सापडला नाही.

हसू येते तोवर हसावे. पण हीच आजी दोन वर्षांपूर्वी नातवाच्या मुंजीसाठी अमेरिकेस निघाली होती. रात्रभर देवगिरी एक्सप्रेसमध्ये अवघडून ती मुंबईस गेली, काचेच्या एका खिडकीपुढे उभी राहिली, आणि तिला विचारण्यात आले की तुम्ही परत कशावरून याल? त्या देशाच्या कायद्यात 214(ब) नावाचे एक कलम आहे. त्यान्वये भेटीस येऊ म्हणणारा प्रत्येक माणूस कायमचा ठिय्या देण्यासच येत आहे असे आधी गृहीत धरावयाचे आणि तसे नसल्याचा पुरावा त्याच्याकडेच मागावयाचा. आजी म्हणाली, ‘म्हस हाय की दारात.’ हा पुरावा ग्राह्य धरला गेला नाही. जी बाई निजामाच्या मुलखात जन्मली, आणि 1948 साली हैदराबाद संस्थान गेले, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्य आले, 1960 साली महाराष्ट्र झाला, तरी जिने नदीकाठचे हे एक घर सोडले नाही, जिच्या डोक्यावरून राज्येच परवान्याविना ये-जा करीत राहिली, तिला तुम्ही विचारता की बाई, तू परत कशावरून येशील? अरे, ती गेलीच कधी होती? मुंज झाली, आजीने ती पुतण्याच्या मोबाईलवर पाहिली, आणि बटूला वाढावयाची भिक्षा देव्हाऱ्यापुढे काढून ठेवली. जाणाऱ्याचा संशय आणि येणाऱ्याची वर्दी, दोन्हीकडचे कागद एकाच म्हातारीने भरावयाचे, हा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात ते मला पाहावयाचे आहे.

असो. शेवटचा रकाना ‘पुढील मुक्काम’ हा होता.

‘लिव्ह, आत्याकडं, लातूरला,’ आजी म्हणाली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिने भाच्याची खुशाली विचारली नाही, त्याला काय आवडते तेही विचारले नाही. ‘गाडी नेमकी किती वाजता पोचणार ते सांगा,’ ती म्हणाली, ‘चोवीस तास मोजायला घड्याळ लावून ठेवते.’