टिकाव आहे, खाण नाही

स्वीडनच्या मोजांग या संस्थेचा ‘माइनक्राफ्ट’ हा २०११ सालचा खेळ खणणे आणि बांधणे या दोन क्रियांवर उभा असल्यामुळे, चिरेखाणीतून जांभा काढून त्याचीच घरे रचणाऱ्या दापोली तालुक्याला तो समजावून सांगण्याचे कारण नाही. समजावून सांगावा लागतो तो २०२० साली निघालेला त्याचा स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ खेळाचे जग उचलून निराळ्या धाटणीने रचलेला शाखा-खेळ, ‘माइनक्राफ्ट डंजन्स’. तो ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग’ प्रकारात, अर्थात हाणामारी करीत नायकाला पायरीपायरीने बलवान करण्याच्या प्रकारात मोडतो. त्यात टिकाव मिळतो, परंतु त्याने दगड फोडता येत नाही, शत्रूची डोकी मात्र फोडता येतात; खाणकामावर इतकी कडक बंदी कोकणातील पर्यावरणवाद्यांनाही साधलेली नाही.

गुण नाकारता येणार नाहीत: योद्धा, तिरंदाज अशा जन्मजात जाती तेथे नसून अंगावरील शस्त्र-चिलखतावरूनच नायकाचा धर्म ठरतो, आणि शस्त्र मोडीत काढले असता त्याला जादुई धार देण्यासाठी खर्चलेले गुणांक परत मिळतात, जे औदार्य मोडीच्या व्यवहारात कोणत्याही सराफाने दाखविल्याची नोंद नाही. चौघांना एकत्र खेळता येते, हेही खरे. कथा मात्र शनिवार-रविवारात उरकते, आणि त्यानंतर तेच प्रदेश काठिण्य वाढवून पुन्हा तुडवावयाचे असतात. दापोलीच्या मुरूड-कर्द्याला येणारा पर्यटकही तेवढ्याच मुदतीत परततो, पण तोच किनारा सोमवारी अधिक अवघड करून पाहावा, अशी अट त्याला अद्याप कोणी घातलेली नाही.