कंपनीचाच हाय!

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात स्वस्त शब्द कोणता, तर 'कंपनीचा'. रंग कंपनीचा, टायर कंपनीचे, ताडपत्री कंपनीची. परवा मलकापुरात एका मालकाने डॅशबोर्डवरच्या गणपतीलाही 'कंपनी फिटिंग' म्हटलं. मी हात जोडले, पण गणपतीला की त्या आत्मविश्वासाला, ते विचारू नका.

माझ्या चुलतभावाला दुधासाठी पिकअप घ्यायची होती. 2021 चं मॉडेल, डिझेल, एक हाती वापरलेली. आपल्याकडे जुनी गाडी बघायची एक रीत आहे. आधी चाकाला लाथ मारायची. मग दार दोनदा आपटायचं. मग मालक रेस देणार आणि बाकीचे डोळे मिटून ऐकणार, जणू देवल क्लबात मैफल लागलीय. "आवाज बघा की, वाघ हाय वाघ!" मालक म्हणाला. भाऊ तिथेच विरघळला. दुधाच्या कॅन वाहायला वाघ कशाला हवा, हे मी विचारलं नाही.

बांबवड्याहून सोबत आणलेले मिस्त्री मात्र आवाज ऐकून गप्प झाले. "एखादं पोतं हाय का?" एवढंच म्हणाले, आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरले. बाहेर फक्त चपला. खालून आवाज आला, "सायलेन्सर बदललाय काय ओ?"

"हातबी लावल्याला न्हाई. कंपनीचाच हाय."

म्हणून मीही वाकलो. पहिली गोष्ट दिसली ती चांदी रंग. शाहूवाडीचा पाऊस काय असतो ते आंब्याच्या बाजूला राहणाऱ्याला सांगायला नको. असे पावसाळे चिखलातून काढलेल्या गाडीचा सायलेन्सर तांबूस असायला हवा. चासी गंजलेली, पाटे गंजलेले, आणि मधला दोन फुटांचा तुकडा तेवढा नवरदेवासारखा चमकतोय? जुन्या गाडीखाली गंज हाच जन्मदाखला, आणि रंग दिसला की समजायचं, दाखल्यात खाडाखोड आहे.

दुसरी गोष्ट वेल्डिंग. कारखान्यात ते यंत्र करतं, त्यामुळे रेघ एकसारखी, शिंप्याच्या टिपेसारखी. हाताने मारलेलं वेल्डिंग कुरडईसारखं दिसतं, इथे जाड, तिथे बारीक, बाजूला उडालेले मणी. कंपनीचा पाइप रबराच्या कड्यांत लोंबतो, बाहेरचा बऱ्याचदा पट्टीला नाहीतर तारेला. कंपनीच्या डब्यावर नंबर ठोकलेला असतो, वर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो.

आता गंमत ऐका. या गाडीच्या डब्यावर नंबर होता. पत्राही होता. रबरं जागच्या जागी. म्हणजे मालक खोटं बोलत नव्हता! डबा कंपनीचाच होता. फक्त कुरडई त्याच्या पोटावर होती. डबा उभा कापायचा, आतलं सगळं छिन्नीने काढायचं, परत वेल्ड मारायचा, वरून चांदी रंग द्यायचा. डबा कंपनीचा, आत वारा.

हा उद्योग कशासाठी? 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं. डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी बसली, तिचं नाव डीपीएफ. गाळणी भरली की गाडी स्वतःच ती तापवते, सहाशे अंशांच्या आसपास, आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी थोडा वेळ एका लयीत पळावी लागते. आता आमची दुधाची पिकअप बघा. पहाटे निघते, वाडीवर थांबते, दोन कॅन घेते, दुसरा गिअर टाकते तोवर पुढची वाडी येते. तिच्या नशिबात लय कुठली? गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. आठवड्यातून एकदा रत्नागिरी रस्त्याला अर्धा तास सरळ पळवली असती तर बहुतेक वेळा भागलं असतं. पण दिवा लागला की आपण गाडीचं पुस्तक उघडत नाही, ओळखीच्या माणसाला फोन लावतो. ओळखीचा माणूस म्हणतो, "काढून टाक की, ॲव्हरेजबी वाढंल."

शहरात चोर ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून पळवतात, कारण आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. आमच्याकडे चोराची गरज नाही. मालक स्वतः मजुरी देऊन आतला ऐवज काढून घेतो आणि भंगारवाला तो उपकार केल्यासारखा उचलतो. नवी गाळणी केवढ्याला पडते ते शोरूमला जरूर विचारा, फक्त बसून विचारा.

मिस्त्री बाहेर आले. पाइप गार होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मग त्यांनी पाइपच्या तोंडात आतून बोट फिरवलं आणि भावाच्या पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमाल काळाठिक्कर. गाळणी धड असलेल्या डिझेल गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असतो. मग चावी फिरवायला लावली. इंजिनचा पिवळा दिवा आधी लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. हा लागलाच नाही. "बघा, एक फॉल्ट न्हाई!" मालक खूश. ज्या घरातली घंटाच काढून ठेवलीय, त्या घरी पाहुणे येत नाहीत म्हणून खूश होण्यातला प्रकार.

पीयूसी होतं का? होतं की, ताजं होतं. पीयूसीत धूर मोजतात, डबा कुणी उघडून बघत नाही. कायदा मात्र कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, आणि हवेच्या-आवाजाच्या मर्यादा मोडून गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत. रस्त्यात अडवल्यावर 'मागच्या मालकाने केलंय' हे सांगून बघा, साहेबही हसतील. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, फोटो छापून येतात. बुलेटचा गुन्हा कानाला कळतो. पिकअपचा गुन्हा मागे बसून शाळेला जाणाऱ्या पोरांच्या छातीला कळतो, आणि त्याचा फोटो येत नाही.

बाहेरचा सायलेन्सर म्हणजे पापच, असं मात्र मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांची बीएस-तीन पिकअप असेल, जुना डबा कुजून पडला असेल आणि मालकाने साधा लोकल बसवला असेल, तर घासाघीस करा आणि खुशाल घ्या. धूर केबिनमध्ये येत नाही एवढं बघा. तिच्या पोटात काढण्यासारखं फारसं काही नव्हतंच. बीएस-सहाच्या गाडीवर कुरडई दिसली तर मात्र चहा संपवा आणि उठा.

आम्ही उठलो. निघताना मालक भावाला म्हणाला, "दादा, परत असली गाडी गावणार न्हाई." आठवड्यात ती गाडी विकली गेली. घेणाऱ्याने नुसता आवाज ऐकून घेतली म्हणे.

आमचा रुमाल अजून काळाच आहे.