पगार मागे, फरक बेपत्ता

संगणक सांगितलं तेवढंच करतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी टर्मिनलची काळी खिडकी उघडलेली नसते. तिथे तुम्ही टाइप केलेलं जसंच्या तसं प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. मध्ये शेल बसलेला असतो, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. तुम्ही म्हणता, "मुलगी अजून शिकतेय, आम्हाला घाई नाही." तो निरोप ऐकतो, वाटेत त्याचा अर्थ लावतो आणि पलीकडे जाऊन सांगतो, "त्यांची तयारी आहे, हॉल बघून ठेवा." हेतू वाईट नसतो. हौस दांडगी असते, एवढंच.

स्टारचंच घ्या. तुम्ही * लिहिलंत की शेल फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं गोळा करून प्रोग्रॅमपुढे ठेवतो. बिचाऱ्या प्रोग्रॅमला स्टार सहसा दिसतच नाही. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये हे काम ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅम करायचा. पुढे शेलने तेही अंगावर घेतलं. आज सर्रास दिसणाऱ्या बॅश या शेलची खोच अशी, की जुळणारी एकही फाइल नसेल तर तो स्टार तसाच पुढे ढकलतो. त्यामुळे फायली शोधणाऱ्या फाइंडला स्टार दिलेली एकच कमांड एका फोल्डरमध्ये गुणी बाळासारखी चालते आणि शेजारच्या फोल्डरमध्ये अंगावर ओरडते. दोन्हीकडे तुम्ही तुम्हीच असता. विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट याबाबतीत बराच अलिप्त. स्टार तसाच पुढे देतो आणि म्हणतो, ज्याचं त्याने निस्तरावं.

पण मध्यस्थाची खरी करामत पाहायची तर अकाउंट्समधून आलेली फाइल हवी. आमच्याकडे एकदा 'जुलैचा पगार & फरक' या नावाची एक्सेल फाइल आली. एका उत्साही पोराने कॉपीची कमांड दिली आणि पुढे हे नाव जसंच्या तसं लिहिलं. शेलने ते वाचलं असं: स्पेस दिसली, म्हणजे 'जुलैचा' ही एक फाइल आणि 'पगार' ही दुसरी. पुढे & दिसलं, म्हणजे इथवरचं काम बॅकग्राउंडला टाका. मग उरलेलं 'फरक' हा नवा प्रोग्रॅम, तो चालवा. उत्तर आलं, की 'जुलैचा' नावाची फाइल नाही आणि 'फरक' नावाची कमांड सापडत नाही. थोडक्यात, पगार मागे टाकला आणि फरकाचा पत्ता नाही. कर्मचाऱ्यांच्या परिस्थितीचं इतकं अचूक वर्णन युनियनच्या पत्रकातही सापडत नाही.

"ताई, फाइलच्या नावात स्पेस नको, आणि ते '&' तर अजिबात नको," पोरगा फोनवर अकाउंट्समधल्या ताईंना म्हणाला.

"मग काय 'जुलैचापगारफरक' असं जोडून लिहू? असं लिहिलं की शाळेत बाई पट्टी मारायच्या."

ताईंचं बरोबर होतं. माणसांच्या जगात स्पेस हा शुद्धलेखनाचा भाग आहे, शेलच्या जगात ती कुऱ्हाड आहे.

यावर उपाय अवतरणचिन्हांचा. तिथेही दोन जाती. डबल कोटमध्ये नाव घातलं की स्पेस आणि & गप्प बसतात, स्टारही बसतो, पण डॉलर बसत नाही. एका सहकाऱ्याचा पासवर्ड होता मोरया, मग डॉलर, मग एकावन्न. (पासवर्ड असा उघड्यावर कमांडमध्ये लिहावा का, हा वेगळा लेख होईल.) डबल कोटमध्ये घालूनही सर्व्हर म्हणे पासवर्ड चूक. शेलच्या लेखी डॉलर आणि त्यापुढचा पाच म्हणजे 'पाचवा अर्ग्युमेंट'. पाचवा कुणी नव्हताच, म्हणून त्या जागी काहीच नाही. पलीकडे पोहोचलं 'मोरया१'. एकावन्नाच्या वर्गणीतला एक रुपया मंडळापर्यंत गेला, बाकीचे वाटेत.

उद्गारचिन्हही तसंच. ही खोड बर्कलीत बिल जॉय यांनी केलेल्या सी शेलमधून आली आणि १९८९ च्या बॅशने तीही उचलली: लागोपाठ दोन उद्गारचिन्हं म्हणजे 'मघाची कमांड पुन्हा'. काम संपल्याच्या आनंदात, कोडमधल्या बदलांची वही ठेवणाऱ्या गिटच्या नोंदीत डबल कोट करून "झालं एकदाचं!!" लिहा, नोंदीत 'झालं एकदाचं' याला चिकटून मघाची अख्खी कमांड उमटते.

सिंगल कोट मात्र खानदानी. त्याच्या आत कुणाचं काही चालत नाही, डॉलरचं नाही, उद्गारचिन्हाचंही नाही. फक्त त्याच्या आत दुसरा सिंगल कोट येता कामा नये. आता हे वसईत किंवा गोव्यात कसं जमावं? इंग्रजीत डीनंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन आडनाव लिहिणाऱ्या डिसोझांचं नाव सिंगल कोटमध्ये आलं, की शेलला वाटतं कोट संपला. शेवटचा कोट मग नव्याने सुरू झालेला ठरतो, आणि शेल > असं चिन्ह टाकून तो कधी बंद होतोय याची वाट बघत बसतो. तोडगा असा: कोट बंद करा, बॅकस्लॅश देऊन ॲपॉस्ट्रॉफी लिहा, कोट पुन्हा उघडा. एका आडनावात एवढी उघडझाप डिसोझांच्या बंगल्याच्या फाटकाचीही होत नसेल.

आणि तो बॅकस्लॅश! १९६१ मध्ये बॉब बेमर यांनी तो ॲस्की या अक्षरसंचात आणवला तो अल्गॉल भाषेतली 'आणि', 'किंवा' ही चिन्हं दोन तिरक्या रेघा जोडून लिहिता यावीत म्हणून. नंतर युनिक्सने त्याला पुढच्या अक्षराचा अंगरक्षक नेमलं, तर १९८३ च्या एमएस-डॉस २.० ने फोल्डरच्या नावांमध्ये उभं केलं. त्याला स्वतःलाच शोधायचं झालं तर? कोट न वापरता दूरच्या सर्व्हरवर ग्रेप हा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम चालवून फाइलमधला एक बॅकस्लॅश शोधायला आठ लिहावे लागतात. इथला शेल आठातले चार खातो, तिथला शेल उरलेल्यातले दोन, आणि ग्रेपही हात धुऊन घेतो, दोनाचा एक करतो. एवढं करून ती फाइल विंडोजवरून आलेली असते, ओळीओळीत फोल्डरचे पत्ते, आणि ग्रेप अख्खी फाइल स्क्रीनवर ओतून मोकळा होतो.