पडदा उघडण्याआधी भाषण कसं ठोकावं

अभिनंदन! मंडईच्या पत्रकावर तुमचं नाव आलं. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि दीपप्रज्वलक यांची गर्दी ओलांडून अगदी खाली, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, प्रमुख अतिथींत सोळावं. वर्गणीची पावती खिशात आहे ना? मग आता सुटका नाही. बोलावंच लागेल.

भंडारा जिल्ह्यात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. वडशाची कंपनी येते, मंडप पडतो, माणसं तिकीट काढून, अंगावर चादर ओढून पहाटेपर्यंतच्या बेताने बसतात. आणि नाटक सुरू व्हायच्या आधी, उठलं तर जागा जाईल या भीतीने कुणी हलू शकत नाही अशा नेमक्या घटकेला, तुम्ही माइकसमोर येता. इतका भक्कम श्रोता अथेन्सच्या वक्त्यांनाही लाभला नव्हता. त्याचा फायदा घ्या. जगभरच्या गाजलेल्या भाषणांतल्या खुब्या आम्ही मंडईच्या मापाला कापून-बेतून देत आहोत.

१. थोडं शास्त्र. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं की, ऐकणाऱ्याला पटवायचे मार्ग तीन: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. आपल्याकडे पत म्हणजे वर्गणी, भावना म्हणजे धान. तर्काची पाळी येईपर्यंत नाटकाची घंटा होते, त्यामुळे त्याची तयारी करू नका.

२. संबोधन. ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोत विवेकानंदांनी श्रोत्यांना भगिनी आणि बंधू म्हणून हाक मारली, आणि पुढचं बोलण्याआधी त्यांना टाळ्या थांबायची वाट पाहावी लागली. बाळासाहेब ठाकरे ‘जमलेल्या माझ्या तमाम’ एवढं म्हणायचे तोच शिवाजी पार्क उसळायचं. तुमचं संबोधन मात्र मंचावरच्या एकतीस नावांचं असेल आणि त्यात नऊ मिनिटं जातील. जाऊ द्या. एक नाव सुटलं तर तो माणूस पुढच्या मंडईपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही, आणि ग्रामपंचायत निवडणूक त्याआधी आहे. नाव आठवलं नाही तर ‘आणि ज्यांचं नाव घेतल्याशिवाय हा कार्यक्रम अपुरा राहील असे आमचे भाऊ’ म्हणून खुर्च्यांकडे सैलसर हात करा. चार-पाच जण तरी ते स्वतःवर घेतात.

३. ‘मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.’ हे वाक्य अनिवार्य आहे. भंडाऱ्यात प्लॉट विकत असलात तरी अनिवार्य आहे. पुरावा म्हणून धानाचे दोन-तीन शब्द पेरा: पऱ्हे, बांध, पुंजणे. ‘रोपं’ म्हणालात की तुम्ही नागपूरचे. उसाचं उदाहरण दिलंत की थेट कोल्हापूरचे, मग देवही वाचवणार नाही. झाडीबोलीचाही एखादा शिडकावा असू द्या. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, वाक्याच्या शेवटी ‘जी’. पण बेताने. मागच्या रांगेतली आजी हे अस्सल कुठलं आणि आजच पाठ केलेलं कुठलं ते पहिल्या शब्दाला ओळखते, आणि मोठ्याने सांगते.

४. पुनरुक्ती. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते. जवळ उभ्या गायिका महालिया जॅक्सन यांनी ‘त्यांना स्वप्नाचं सांगा’ असं सुचवलं, त्यांनी कागद सोडला आणि ते एकच पालुपद परत परत घेत गेले. तुम्हीही एकच वाक्य परत परत घ्याल. पुढचं आठवत नाही म्हणून घ्याल, पण मागच्या रांगेला फरक कळत नाही.

५. प्रश्न विचारा, पण उत्तर माहीत असलेलेच. ‘धानाला भाव मिळाला पाहिजे की नाही?’ यावर सगळा मंडप ‘पाहिजे’ म्हणतो, अगदी सुरक्षित. ‘बोनस जाहीर केला की नाही?’ इथपर्यंतही चालेल. ‘बोनस खात्यात आला की नाही?’ हा प्रश्न नवशिक्यांनी कदापि विचारू नये. त्याचं उत्तर मिळतं, आणि खरेदी केंद्राच्या रांगेसकट मिळतं.

६. अतिशयोक्ती. आचार्य अत्रे काहीही झालं की दहा हजार वर्षांचा हिशेब मांडायचे आणि लोक हसत हसत मान डोलवायचे, कारण आपण अतिशयोक्ती करतोय हे अत्र्यांना ठाऊक होतं. तुम्ही ते ठाऊक नसल्यासारखं करा. बस.

७. काळ. या जिल्ह्यात व्याकरणाचा एवढाच धडा लागतो. भूतकाळात बोललात तर लोक तपासतात, वर्तमानकाळात बोललात तर जाऊन बघतात. भविष्यकाळाला कुणी हात लावू शकत नाही. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरण प्रकल्पाचं भूमिपूजन झालं तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. पुढे २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आकडा हजारो कोटींवर गेला, वैनगंगा अडली, गावं उठली. तेवढ्या वर्षांत ‘तुमच्या बांधावर पाणी येणार’ हे वाक्य किती मंचांवर किती गळ्यांतून निघालं असेल! आणि अजूनही ते नव्यासारखं चालतं. शिळं होत नाही असं दुसरं वाक्य मराठीत आम्हाला माहीत नाही. वापरा. फुकट आहे.

८. पाऊस. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात भिजत बोलले आणि महाराष्ट्रभर उमेदवारांनी छत्र्या मिटल्या. तुम्ही हा प्रयोग करू नका. आमच्याकडे मंडईच्या दिवसांत पाऊस आला तर कापलेला धान बांधीत पडलेला असतो. तुम्ही भिजत उभे राहाल आणि अख्खा मंडप ताडपत्री घेऊन शेताकडे पळेल. त्यात तुमचा मोठा भाऊही असेल.

९. ‘मी फार वेळ घेणार नाही.’ हे तीनदा म्हणा: सुरुवातीला, मध्ये, आणि खरोखरच वेळ घ्यायला लागाल तेव्हा. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गला एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर लिंकन दोन-तीन मिनिटांत आटोपले. आज एव्हरेट कुणाला आठवत नाही, हे खरं. पण त्या दिवशीचे मुख्य वक्ते तेच होते. पत्रकावर वरचं नाव कुणाचं, ते आधी बघा.

१०. कुणाचं अनुकरण टाळावं. हा धडा नीट वाचा, कारण उदाहरण घरचं आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. आता वक्ता म्हणून त्यांच्या चुका मोजा. धानाच्या मुलखात, उन्हाच्या तडाख्यात, ते नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर बोलले. म्हणजे श्रोत्यांना ते कळेल असं त्यांनी चक्क गृहीत धरलं. राजकारणातली भक्ती देशाचा घात करते, असं पाच वर्षांपूर्वी संविधान सभेत बजावून आलेला माणूस; तो भक्तांकडून टाळ्या कशा वसूल करणार? आणि मुख्य चूक पुढे. इथले जुने कार्यकर्ते सांगतात की, काहींनी त्यांना सोपा उपाय सुचवला होता: आपल्या लोकांना एकच मत द्यायला सांगा, दुसरं कुजवा, म्हणजे तुमचं पारडं जड होईल. एका वाक्याचं काम होतं. भाषणात नुसतं सुचवलं असतं तरी भागलं असतं, डोळा मिचकावून. बाबासाहेबांनी नकार दिला. मताचा हक्क मी घटनेत कुजवण्यासाठी लिहिलेला नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन दुसरं मत सर्वसाधारण जागेचे उमेदवार अशोक मेहतांना द्यायला सांगितलं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले.

लोकांना पटवायची सगळी साधनं हाताशी असताना, त्यातलं नेमकं कामाचं साधन खाली ठेवणारा वक्ता या जिल्ह्याने पाहिला आहे. तुम्ही तसं काही करणार नाही याची आम्हाला खात्री आहे, म्हणून पुढच्या पायरीकडे वळू.

११. शेवट. शेवट तुमच्या हातात नसतो. मागे पेटीवाला सूर धरून बघतो, पडद्याखालून खलनायकाचे बूट दिसतात, तिकिटाचे पैसे दिलेला एखादा म्हातारा ‘आटपा जी’ म्हणतो. त्याला टाळी समजा. तेवढ्यात माइक काढून घेण्यासाठी निवेदक शेजारी येऊन हसत उभा राहील. तो हसतोय म्हणजे तुम्हाला अजून एक मिनिट आहे. त्या मिनिटात पुढच्या वर्षीची वर्गणी दुप्पट जाहीर करून टाका. पत्रकावर सोळाव्यावरून नवव्या नंबरावर याल, आणि तिथून सहउद्घाटक म्हणजे फक्त एक रांग वर.