ताटाएवढं काहीतरी

घरात दुर्बीण आली की शेजार नव्याने कळतो. आधी दोन-चार जण शनीची कडी बघायला येतात आणि "एवढीशीच?" म्हणून परत जातात. मग कुणाच्या तरी मुलीची पत्रिका येते. ज्याला मंगळ दाखवता येतो त्याला मंगळ काढताही येत असणार, असा आमच्या नागपूरच्या कॉलनीत समज आहे. तो दूर करेपर्यंत फोन सुरू झालेले असतात.

"भाऊ, वर काहीतरी आहे."

"कुठल्या दिशेला?"

"आमच्या टाकीच्या वर."

"केवढं दिसतंय?"

"ताटाएवढं."

आकाशात दिसलेली प्रत्येक अनोळखी गोष्ट ताटाएवढी का असते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. वाटीएवढं कुणाला काही दिसत नाही आणि परातीएवढंही नाही. खरं तर आकाशात मोजायला हातासारखं साधन नाही. हात लांब धरला की मूठ साधारण दहा अंशांची आणि करंगळी एका अंशाची. सगळ्या कवितांना पुरून उरलेला पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीच्या नखामागे सहज मावतो. पण हे फोनवर कोण करून बघणार? एका हातात फोन असतो आणि दुसरा हात मला दिशा दाखवण्यात गुंतलेला असतो.

तरी मी आपली उलटतपासणी चालू ठेवतो. लाल-हिरवे दिवे लुकलुकतायत? विमान. अजिबात न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडून गेलं? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर वर, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर, पृथ्वीला एक फेरी दीड तासात. आत माणसं आहेत, ती कदाचित आत्ता जेवत असतील, असं सांगितलं की पलीकडून "अच्छा" असा पडलेला आवाज येतो. माणसं आहेत, पण आपलीच आहेत, ही त्यांची खरी निराशा.

आणि बहुतेक वेळा तो शुक्र असतो. सूर्य-चंद्र सोडले तर त्याच्याइतकं तेजस्वी कायमचं असं आकाशात दुसरं काही नाही. त्याच्यावर सल्फ्युरिक आम्लाचे दाट ढग आहेत आणि पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी तीन चतुर्थांश ते परत फेकतात. शिवाय तो सूर्यापासून फार लांब जात नाही, म्हणून एक तर संध्याकाळी पश्चिमेला, नाही तर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री ड्यूटी नाही. क्षितिजाजवळ उतरला की हवेच्या थरांतून त्याचा उजेड लाल, हिरवा, निळा असा फुटत राहतो. त्यात अंधारातल्या एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलतोय असं आपल्याच डोळ्यांना वाटू लागतं. रंग बदलतो, जागच्या जागी हलतो, आणि आपण स्कूटरवर निघालो की सोबत येतो. आता यापुढे यानाने आणखी काय करायचं?

पण "तो शुक्र आहे" असं म्हटलं की लोकांचा अपमान होतो. "शुक्र काय आम्ही कधी पाह्यला नाही?" असं एक गृहस्थ मला सुनावून गेले. मी त्यांना लडाखची गोष्ट सांगितली. 2012-13च्या हिवाळ्यात तिथल्या सीमेवरच्या जवानांनी सहा महिन्यांत 329 वेळा आकाशात चमकणाऱ्या वस्तू टिपल्या. त्या चिनी ड्रोन असाव्यात असा संशय होता. 155 वेळा तर त्यांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याची नोंद झाली. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारणा झाली. त्यांनी घुसखोर ओळखले: गुरू आणि शुक्र. नियंत्रण रेषा कुठून जाते हे त्या दोघांना कुणी कळवलंच नव्हतं. यात जवानांना हसण्यासारखं काही नाही. त्या उंचीवर विरळ, स्वच्छ हवेत ग्रह जे तळपतात ते बघून कुणीही बंदूक सावरून बसेल. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मिलिटरीलाही दिसलं होतं!"

अमेरिकेच्या हवाई दलाने 1952 ते 1969 एवढी वर्षं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' नावाने हाच धंदा पगार देऊन करवला. 12,618 नोंदी तपासल्या, त्यांतल्या 701 तेवढ्या उलगडल्या नाहीत. मला त्या बाकीच्या अकरा-बारा हजारांची काळजी वाटते. फुगा होता, तारा होता, विमान होतं, असं त्या सगळ्यांना एकेक करून कुणी सांगितलं असेल, आणि तो माणूस नंतर कुठल्या गावात राहायला गेला असेल?

आमच्या घरात मात्र एका व्यक्तीला माझ्या खुलाशांची गरज कधी पडली नाही. सासूबाई मालवणकडच्या. एके संध्याकाळी गच्चीवर असताना आकाशात चाळीस-पन्नास दिव्यांची सरळ रांग निघाली, एकामागे एक, न वाजता, न लुकलुकता. मी काही बोलायच्या आत त्यांनी पदर सावरला आणि मला बाजूला ओढलं. "जावईबापू, वाट सोडा. वेताळाची पालखी आहे."

मी समजावलं, हे स्टारलिंकचे उपग्रह. 2019पासून गठ्ठ्याने सोडतायत. सोडल्यानंतरचे काही दिवस ते असे रांगेत दिसतात, मग पांगून आणखी वरच्या कक्षेत जातात. आपल्याकडे अंधार पडला तरी इतक्या उंचावर ऊन असतं, म्हणून चमकतात.

"कोणाचे आहेत?"

"इलॉन मस्क म्हणून एक आहे."

"मग पालखी त्याची," त्या म्हणाल्या आणि रांग जाईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. खुलासा त्यांनी नाकारला नाही, आपल्या व्यवस्थेत बसवून घेतला. कॉलनीतल्या एकाही पदवीधराला हे जमलेलं नाही.

कधी कधी वरची वस्तू खरोखर खालीही येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) शास्त्रज्ञ हैदराबादहून मोठे फुगे सोडतात. ते तीस-चाळीस किलोमीटर वर जातात आणि त्यांची उपकरणं पॅराशूटने कधी कधी आपल्या मराठवाड्या-विदर्भातही उतरतात. आधी सूचना येते: उघडू नका, कळवा, बक्षीस मिळेल. बक्षीस देणारी उडती तबकडी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

पण खरी मजा 2 एप्रिल 2022ची. पाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास सगळ्या विदर्भाच्या डोक्यावरून जळत्या रेषांचा जुडगा गेला, आणि तोही सावकाश. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत आटोपते. हे मात्र माणसं घरातून हाका मारून बाहेर येतील इतका वेळ दिसत होतं. माझा फोन तापला. विमान पडलं, क्षेपणास्त्र आलं, उल्कावर्षाव झाला. एका काकूंनी तर नववर्षाचं भविष्य विचारून घेतलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची एक भली मोठी रिंग पडलेली सापडली. सुमारे तीन मीटर व्यास, चाळीसेक किलो वजन. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. रिंग पोलीस ठाण्यात जमा झाली. मुद्देमालाच्या नोंदीत मालकाच्या रकान्यापुढे काय लिहिलं असेल, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे. पुढे 'इस्रो'चे लोक येऊन पाहणी करून गेले. सगळा हिशेब जुळला तो चीनच्या 'लाँग मार्च 3बी' या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी. फेब्रुवारी 2021मध्ये उडालेलं ते धूड वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं.

हे सगळं मी आमच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलवाल्याला नीट समजावून सांगितलं. वर्तमानपत्रातला रिंगचा फोटोही दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला.

"इतक्या वरून पडली?"

"हो."

"पेटत पेटत आली?"

"हो."

"अन् अजून गोल आहे?" त्याने वर्तमानपत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "मग चायनाची नाही, भाऊ. तीस वर्षं झाली मी चायना माल विकतो."