मेव्हण्याच्या साहेबाचा चमत्कार

मनमाडला गाडी उशिरा येईल, चमत्कार कधी चुकायचा नाही. शिर्डी इथून साठेक किलोमीटर. तेव्हा फलाटावर चहा संपेपर्यंत एखादी प्रचिती कानावर पडतेच. ती सांगणाऱ्याला कधीच आलेली नसते. मेव्हण्याच्या साहेबाला आलेली असते, आणि साहेबाची नुकतीच नागपूरला बदली झालेली असते. नंबर मागितला तर सांगणारे काका म्हणतात, “श्रद्धा असेल तर नंबर कशाला हवा?”

पूर्वी हे काम पत्रकं करायची. गुलाबी हलका कागद, बोटाला लागणारी शाई. अमुक मंदिरात पुजाऱ्याला साप दिसला, साप मनुष्यवाणीने बोलला: हजार पत्रकं छापून वाटा. वाटली त्याला लॉटरी, फाडलं त्याचा मुलगा दगावला. पुजारी निनावी, साप निनावी. १८६७च्या कायद्यानुसार छापील कागदावर मुद्रकाचं नाव लागायचं, तेही गायब. खरं तर हजाराची ऑर्डर मिळाल्यावर रोकडी प्रचिती आली असेल ती त्यालाच.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला, तेव्हा निदान चमचा आपल्या हातात होता. दूध पृष्ठताणामुळे ओढलं जाऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. पण त्या दिवसाच्या आठवणींत खालची फरशी पुसणारा माणूस कुणालाच आठवत नाही.

हल्ली पत्रक मोबाइलवर येतं. हजाराचे अकरा झालेत. लॉटरीच्या रकमेत मात्र कपात नाही.