टाकं गेलं, टँकर आला

'टँक' हा शब्द आज जगभर चालतो. पेट्रोलचा टँक, माशांचा टँक, आणि रणगाडाही टँकच. त्याचं एक मूळ आपल्या टाक्यात आहे. पावसाचं पाणी धरून ठेवणारा हौद म्हणजे मराठीत टाकं, गुजरातीत टांकुं. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द इथून उचलला. पोर्तुगीज 'तांक'शीही काहीजण त्याची सांगड घालतात. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६च्या कोशात ही चर्चा आहे. पुढे १९१५ साली ब्रिटिशांनी आपल्या चिलखती गाडीचं गुपित राखायला, जणू पाण्याची टाकीच बनवतोय असं भासवत, तिला हेच नाव दिलं. सप्टेंबर १९१६मध्ये ती सोमच्या लढाईत उतरली.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकरांना टाकं बघायला कोश उघडावा लागत नाही. नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यापाशी कातळात खोदलेली टाकी आहेत. शहापुरात माहुली गडावरही आहेत. घाट चढून आलेल्या वाटसरूला पाणी मिळालं पाहिजे, एवढं भान जुन्या सत्तांना होतं.

आज याच मुरबाड-शहापूर तालुक्यांत त्या शब्दाचा नातू फिरतो: टँकर. उन्हाळा लागला की तो पाड्यावरच्या कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि बायका तेच पाणी दोराने पुन्हा वर ओढतात. टँकर चुकला की हंडा-कळशी घेऊन नदीपात्रात खणलेला डवरा, म्हणजे पाण्याचा खड्डा, गाठायचा. पाऊस इथे धो-धो पडतो. पण उताराच्या कातळावरून तो वाहून जातो, आणि जो अडतो तो धरणात. तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देतं. भातसा तर मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवतं. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली.

मुंबईला पाणी देऊ नका, असं कोणी म्हणत नाही. पण ज्यांची जमीन धरणाखाली गेली, त्यांच्या पाड्याला त्या पाण्यावर पहिला हक्क हवा. दरवर्षी टंचाई आराखडा करून टँकरवर पैसा ओतण्यापेक्षा प्रत्येक पाड्यावर पावसाळ्यात भरणारं पक्कं टाकं बांधा. टँकर हा तातडीचा उपाय आहे. पिढ्यान् पिढ्या तोच चालवणं म्हणजे या लोकांची तहान कायमची मान्य करणं. ते आम्हाला मान्य नाही.